ऊसतोड कामगाराच्या पाठीचा हिशेब कोण देणार?

बीडच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे ऊसतोड कामगार येतो तो बहुधा उचलीच्या भांडणासाठी. मुकादमाने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, हिशेबात फिरवले, बैल ठेवून घेतले, पोराला डांबून ठेवले, अशी ती प्रकरणे असतात. असेच एक प्रकरण घेऊन वडवणी तालुक्यातील एक बाई आमच्याकडे आल्या. वय विचारले तर चाळिशीच्या आतले. आम्ही खुर्ची पुढे केली, पण त्या बसेनात. भिंतीला हात टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "नको सायेब, हुबीच बरी हाय. बसलं की उठता येईना."

उचलीचा हिशेब बाजूला ठेवून आम्ही दुखण्याची चौकशी केली. पदराच्या गाठीतून त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी काढली. त्यात गोळ्या होत्या, कमरेचा पट्टा होता आणि खाली सल्ला होता : वाकू नये, वजन उचलू नये, विश्रांती घ्यावी. बाईंनी ती चिठ्ठी आमच्याकडून वाचून घेतली आणि विचारले, "वाकल्याबगर ऊस पडतो का, सायेब?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कपाटातल्या कायद्याच्या एकाही पुस्तकात नव्हते. ते का नव्हते, याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या उघडा. ताठ बसा, पाठ सरळ ठेवा, अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा, वाकताना गुडघे वाकवा, मऊ गादीवर झोपू नका, असे सल्ले तेथे नेहमी असतात. ते खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण हे सल्ले लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे एक विशिष्ट माणूस असतो. त्याला खुर्ची आहे, गादी आहे आणि उठायचे की बसायचे हे त्याचे तो ठरवू शकतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडणाऱ्या लाखो स्त्री-पुरुषांना यातले काहीच ठरवता येत नाही. किती वाकायचे, किती वेळा वाकायचे, किती ओझे डोक्यावर घ्यायचे आणि कधी थांबायचे, हे त्यांच्यासाठी कोयता ठरवतो, मुकादम ठरवतो, टनाचा दर ठरवतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, ऊसतोड कामगाराचे पाठीचे दुखणे ही त्याची वाईट सवय नव्हे. ती त्याच्यावर लादलेली कामाची अट आहे. सवय ज्याची त्याने बदलायची असते. अट मात्र कराराने आणि कायद्यानेच बदलावी लागते.

ज्यांनी उसाचा फड जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी हे काम कसे चालते ते सांगितले पाहिजे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. माणसाची मोजणीच येथे हत्याराच्या नावाने होते. उसाच्या बुडख्याकडच्या भागात साखर जास्त असते, म्हणून ऊस जमिनीसरसा तोडावा लागतो. बोटभर खुंट वर राहिला तरी शेतकरी ओरडतो आणि कारखान्याचा माणूसही ओरडतो. आखूड मुठीचा कोयता घेऊन जमिनीसरसा घाव घालायचा म्हणजे कमरेतून पूर्ण वाकल्याशिवाय गत्यंतर नाही. एका हाताने ऊस धरायचा, दुसऱ्याने घाव घालायचा आणि अंग वळवून तो बाजूला टाकायचा. वाकणे आणि वाकलेल्या स्थितीत पिळणे या दोन क्रिया दिवसभर एकत्र चालतात. मागून बाई पाचट काढते, वाढे छाटते, ऊस गोळा करते आणि त्याच वाढ्याने मोळी बांधते. मग ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचे. ट्रक असेल तर हलत्या फळीवरून वर चढायचे आणि मोळी टाकून उतरायचे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला उठून भरायची. या सगळ्याआधी पहाटे कोपीत चूल पेटवलेली असते, पाणी आणलेले असते, लेकरू पाजलेले असते. ती बाईची जादा पाळी. तिचा हिशेब कोणत्याही टनात येत नाही.

आता थोडे गणित मांडू. कामगारांच्या सांगण्यानुसार एका मोळीचे वजन तीस-चाळीस किलोच्या घरात जाते. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरू. चाळीस किलोच्या हिशेबाने पन्नास मोळ्या झाल्या. हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर साडेसात हजार मोळ्या, म्हणजे ३०० टन ऊस. हे ३०० टन दोन माणसांच्या कमरेतून आणि मानेवरून जातात. मोबदला काय? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला. दोन टनांचे सव्वासातशे-साडेसातशे रुपये, तेही दोघांत मिळून. त्यातून आधी घेतलेली उचल फिटायची. या दरवाढीच्या बैठकांना राज्यातले मोठमोठे नेते बसतात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात. टनाला किती रुपये यावर रात्र रात्र घासाघीस होते. पण मोळी किती किलोची असावी, हा विषय त्या बैठकांत निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या कामाने शरीरात काय घडते, हे वैद्यकशास्त्राने सांगितलेले आहे. पाठीच्या कण्यातील मणक्यांमध्ये कुर्च्यांच्या चकत्या असतात. माणूस ताठ उभा असताना त्यांच्यावर जो दाब असतो तो पुढे वाकल्यावर वाढतो आणि हातात वजन घेऊन वाकल्यावर कितीतरी पटीने वाढतो. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यातील चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. कारण समजायला सोपे आहे. पहारीने धोंडा उलथवताना पहार टोकाला धरली तर जोर कमी लागतो आणि धोंड्याजवळ धरली तर छाती फुटते. आपल्या पाठीचे स्नायू कण्याला अगदी खेटून असतात, म्हणजे त्यांना पहार नेहमी धोंड्याजवळच धरावी लागते. उलट उचललेले ओझे शरीरापासून हातभर पुढे असते. त्यामुळे चाळीस किलो उचलताना कमरेवर येणारा भार चाळीस किलोचा राहत नाही, तो अनेक पटींचा होतो. त्यात अंग पिळले गेले तर चकतीची कड फाटण्याची भीती. डोक्यावरच्या ओझ्याने मानेचे मणके दबतात. फळीवर चढ-उतार करून गुडघे झिजतात. कोयत्याच्या सततच्या घावांनी मनगट, कोपर आणि खांदा सुजतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत जगभर कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. अलीकडच्या संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली आहे. बसण्या-उठण्याची एकच एक 'योग्य' पद्धत अशी काही नसते. चांगल्यातली चांगली स्थितीही तासन्‌तास धरून ठेवली तर दुखते आणि वाकणे हे काही मुळात पाप नाही. शरीराला बदल हवा असतो, विसावा हवा असतो आणि पेलेल एवढेच ओझे हवे असते. तेच वाकणे, तेच पिळणे, तेच ओझे, आणि दोन वाकण्यांमध्ये सावरायला फुरसत नाही, असे झाले की शरीर मोडते. ऊसतोडीत नेमके हेच घडते. तेव्हा 'ताठ बसा'चा उपदेश या कामगाराला करण्यापूर्वी त्याला ताठ होण्याची फुरसत कोणी नाकारली आहे, ते विचारले पाहिजे.

आम्हा बौद्धांना वाकलेल्या पाठीचा हा विषय परका नाही. आमच्या आज्या-पणज्यांची पाठ केवळ ओझ्याने वाकलेली नव्हती. पाटलाच्या वाड्यापुढे कमरेत वाकून जोहार घालणे ही गावगाड्याने लावलेली शिस्त होती. महार वतनाच्या नावाखाली सरकारी अंमलदारांचे सामान डोक्यावर वाहायचे, वेळी-अवेळी सांगावा घेऊन धावायचे आणि बदल्यात बलुत्याची भाकर मागायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते ही वेठ मोडण्यासाठीच. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडले. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. कोणाच्या वाट्याला खुर्ची येईल आणि कोणाच्या वाट्याला ओझे, हे जन्मावरून ठरवणारी ती विभागणी होती. आज बीडच्या फडात बौद्ध आहे, मातंग आहे, वंजारी आहे, बंजारा आहे, धनगर आहे, भूमिहीन मराठाही आहे. जाती अनेक असल्या तरी सगळ्यांची पाठ एकाच कारणाने वाकली आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, किंवा आहे ती कोरडवाहू आणि पोटापुरती नाही, त्याच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नाही. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह आणि आमच्याच जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी लढवलेला गायरानाचा लढा या दुखण्याच्या मुळाशी जाणारे होते, हे विसरता येणार नाही. कंबरदुखीचा सगळ्यात खोलवरचा उपाय सातबाऱ्यावर आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

आता धम्माकडे वळू. तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात कायेकडे सजगपणे पाहायला शिकवताना चार इरियापथ सांगितले आहेत : चालणे, उभे राहणे, बसणे आणि पडणे. या चारही स्थितींत आपले शरीर कसे आहे याचे भान ठेवावे, ही ती शिकवण. शरीर तुच्छ आहे, त्याला छळा, असे तथागत म्हणत नाहीत. देह झिजवण्याचा मार्ग त्यांनी स्वतः सहा वर्षे करून पाहिला आणि सोडून दिला. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल अशी एक गोष्ट त्रिपिटकात आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले तेव्हा तथागत तेथे रात्री उशिरापर्यंत बोलत होते. शेवटी त्यांनी आनंदाला पुढचा उपदेश करायला सांगितले. कारण काय दिले? आपली पाठ दुखते आहे, थोडे आडवे व्हावे असे वाटते. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहातही हेच घडले. तेथे त्यांनी सारिपुत्ताला पुढे केले आणि स्वतः चीवर अंथरून उजव्या कुशीवर विसावले. दीघ आणि मज्झिम या दोन्ही निकायांत हे नोंदलेले आहे.

या प्रसंगात आम्हाला दुःखमुक्तीइतकाच मोठा धडा दिसतो. प्रत्यक्ष सम्यक संबुद्धाने भरसभेत सांगितले की माझी पाठ दुखते. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. काम सहकाऱ्याकडे सोपवून ते विसावले आणि त्यांच्यावर कोणी दंड लावला नाही. आमच्या बीडच्या बाईने 'आज पाठ दुखते, उद्या येते' असे म्हटले तर मात्र तिला 'खाडा' लागतो. खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड. एका दिवसाचे पाचशे रुपये आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त. न केलेल्या कामाची मजुरी मिळत नाही, हे एक वेळ समजू शकते. पण आजारी पडल्याबद्दल वरून पैसे मोजायचे, हा कुठला न्याय? खाडा आहे तोपर्यंत 'विश्रांती घ्यावी' ही डॉक्टरांची ओळ म्हणजे कागदाची नासाडी आहे.

विसावा मिळत नाही म्हणून मग गोळी येते. फडाजवळच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या उपाशीपोटी गिळायच्या आणि पुन्हा कोयता उचलायचा, असे महिनोन्‌महिने चालते. डिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधे अशी घेतली तर जठरात व्रण होतात. उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी आटलेले असताना घेतली तर मूत्रपिंडावर घाला येतो. दुखणे कळवणारी घंटा बंद होते, पण आग विझलेली नसते.

बाईच्या बाबतीत हा अन्याय आणखी पुढे गेला. कंबर दुखते, ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते, अशी तक्रार घेऊन गेलेल्या बायकांच्या थेट गर्भपिशव्या काढण्यात आल्या. २०१९ मध्ये हे प्रकरण देशभर गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. चाळीस किलोची मोळी उचलून, बाळंतपणानंतर पुरता विसावा न घेता पुन्हा फडात उभे राहून जे दुखते त्याचे मूळ अनेकदा स्नायूंत, कण्यात आणि सैल झालेल्या ओटीपोटाच्या आधारात असते. अंग बाहेर येण्याचा त्रासही जड ओझ्याने बळावतो. पिशवी काढल्याने मोळीचे वजन कमी होत नाही, म्हणून कंबरही थांबत नाही. उलट पिशवीबरोबर कमी वयात अंडाशयेही काढली गेली तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि पाठीचे दुखणे दुप्पट होऊन परत येते. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून शस्त्रक्रिया, शस्त्रक्रियेसाठी कर्ज, कर्जासाठी पुढच्या हंगामाची उचल आणि उचल फेडायला पुन्हा तीच मोळी. या चक्रात बाईने स्वतःच्या मर्जीने काय निवडले, हे आम्हाला कोणी दाखवून द्यावे.

आता आमच्या पेशाचा विषय. कायदा काय म्हणतो? कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३४ मध्ये, इजा होईल इतके जड ओझे कोणाही कामगाराला उचलायला लावू नये असे स्पष्ट म्हटले होते आणि पुरुष, स्त्री, किशोर यांच्यासाठी वजनाची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. पण हा कायदा कारखान्याच्या फाटकाच्या आत लागू होता. ऊस गव्हाणीत पडल्यावर जो कामगार त्याला हात लावतो त्याच्या पाठीला संरक्षण आणि तोच ऊस तोडून, बांधून, डोक्यावर वाहून गाडीत भरणाऱ्या पाठीला काही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता अमलात आल्या. त्यातील सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत मालकाने ठरावीक कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी करावी अशी तरतूद आहे. 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत उसाचा फड आणि दहाच्या वरची टोळी बसते की नाही, यावर वाद घालायला जागा आहे. तो वाद आमच्या वकील मित्रांनी घातलाच पाहिजे.

स्थलांतरित कामगाराची कथा तर विनोदी म्हणावी अशी आहे. १९७९ चा कायदा फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कामगारासाठी होता आणि नव्या संहितेतली व्याख्याही आंतरराज्यच आहे. त्यामुळे बीडचा माणूस कर्नाटकात बेळगावकडे तोडीला गेला तर तो स्थलांतरित ठरतो. तोच माणूस शेकडो किलोमीटर प्रवास करून सांगली-कोल्हापूरला गेला तर कायद्याच्या लेखी तो घरीच बसलेला असतो!

नुकसानभरपाईचे पाहू. १९२३ च्या भरपाई कायद्याला तिसरी अनुसूची जोडलेली होती आणि तीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. त्या यादीत उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, म्हणजे 'बॅगासोसिस', नावानिशी नमूद होता. तो असायलाच हवा, कारण चिपाडात काम करणाऱ्यांना तो होतो. पण उसाच्या मोळीने मोडणाऱ्या कण्याचे नाव त्या यादीत नव्हते आणि सामाजिक सुरक्षा संहितेत यादी उतरवून घेतानाही ते आले नाही. चिपाडाची धूळ कायद्याला दिसली आणि ऊस वाहणारा माणूस दिसला नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार शासनाला आहे. वापरण्याची इच्छा तेवढी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अनुच्छेद ४२ शासनाला कामाची न्याय्य आणि माणुसकीला धरून असलेली परिस्थिती निर्माण करायला सांगतो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी श्रमिकांच्या कायद्यांचा पाया घातला आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. पण आमच्या फडातल्या कामाला तासच नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, ही आशेची बाब आहे. परंतु आपण बाहेरून रेटा दिल्याशिवाय नुसत्या याचिकेने पाठ सरळ होत नसते.

कोणी म्हणेल, ओझे हलके केले आणि विसावा दिला तर तोड घटेल, कारखाने बुडतील. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर देशाचे उदाहरण यांच्यापुढे ठेवावेसे वाटते. तेथे ऊसतोड कामगारांची तरणीताठी पोरे मूत्रपिंडाच्या आजाराने मरू लागली. तेव्हा काही फडांत प्रयोग झाला. पिण्याचे पुरेसे पाणी पाठीवर वाहता येईल अशी सोय केली, सावलीचे तंबू उभारले, ठरलेल्या वेळी सक्तीचा विसावा दिला आणि कमी वाकावे लागेल अशा वळणदार पात्याचा सुधारित कोयता दिला. तोड कमी झाली नाही, उलट वाढली. माणूस दमला की घाव चुकतो, हे साधे सत्य आहे. आपल्याकडे ऊसतोडणी यंत्रासाठी अनुदान मिळते. यंत्राला अनुदान आणि माणसाला खाडा, हे धोरण कोणत्या समतेत बसते?

वजनाबद्दलही जगाने काही ठरवलेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल मर्यादेबद्दल करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा आणि स्त्रीसाठी त्याहून बरीच कमी, असे म्हटले होते. पुढे अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही एका माणसाने उचलायचे वजन २३ किलोच धरले. चिखलातून, सरीतून, रात्रीच्या अंधारात हलत्या फळीवर चढणाऱ्या बाईला मग किती किलो?

म्हणून आमच्या मागण्या अशा. एक, तोडणीच्या करारात मोळीच्या वजनाची मर्यादा लिहिली जावी आणि स्त्रियांसाठी ती कमी असावी. दोन, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांच्या दिवसांचा खाडा बेकायदा ठरवावा. तीन, कण्याचे आणि सांध्यांचे कामामुळे होणारे विकार व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत घालावेत. चार, लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून, अशी योजना आहे. त्यातून कारखान्याच्या तळावर आणि गावाकडच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय व्हावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अस्थिरोग विभागाने हंगामाला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तालुक्यांच्या गावी शिबिरे घ्यावीत. पाच, गाडी भरायला पट्टा किंवा उचल-यंत्र द्यावे. डोक्यावरून फळीवर चढणे बंद व्हावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसावे असेही नाही. आमच्या धम्मवर्गांतून आणि महिला मंडळांतून काही गोष्टी आजच सांगता येतील. मोळी बांधताना लहान बांधा. एक फेरी वाढली तरी चालेल, कंबर वाचेल. मोळी एकटीने झटक्याने डोक्यावर घेऊ नका, दोघींनी मिळून उचला. जमिनीवरून उचलताना ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहा, गुडघ्यात वाका, ओझे छातीशी धरा. वळायचे असेल तर पाय वळवा, कंबर पिळू नका. डोक्यावर जाड चुंबळ घ्या. कोयत्याला वेळोवेळी धार लावा, कारण बोथट कोयता दुप्पट घाव मागतो. अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहा, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुका आणि घोटभर पाणी प्या. जमेल तेव्हा जोडीदाराशी काम बदलून घ्या. दुखू लागले तर आठवडाभर खाटेला खिळून राहू नका, झेपेल तेवढे चालते-फिरते राहा. मात्र पाय लुळा पडू लागला, मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, किंवा दुखण्याबरोबर ताप आला तर गोळी न गिळता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि कंबर दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.

आमच्या शिकलेल्या पोरांनाही एक सांगणे आहे. अभ्यासिकेत आठ-आठ तास मान खाली घालून बसता, उरलेला वेळ मोबाईलवर मान घालता. तुमच्या आईची मान मोळीने दबली आणि तुमची विनाकारण. तुम्हाला खुर्चीतून उठण्याचे स्वातंत्र्य आहे. ते तुमच्या आईने तिची पाठ मोडून मिळवून दिले आहे. त्याचा वापर करा. उठा, चाला, आणि हंगामात एखाद्या रविवारी फडावर जाऊन मोळ्यांची वजने तरी लिहून आणा. वजनाचा पुरावा न्यायालयात लागतो आणि तो आज कोणाकडेही नाही.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले की दुःखही दूर होते, असे तथागत सांगतात. पाठदुखीचे कारण बाईच्या नशिबात किंवा गेल्या जन्मात शोधणाऱ्यांनी आजवर तिला फसवले. ते कारण आखूड कोयत्यात आहे, चाळीस किलोच्या मोळीत आहे, खाड्यात आहे आणि कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यात आहे. ही सगळी माणसांनी केलेली कारणे आहेत. माणसांनी केलेले माणसांना मोडता येते, हे आम्हाला बाबासाहेबांनी शिकवले.

वडवणीच्या त्या बाईंचा उचलीचा दावा आम्ही घेतला आहे. मुकादमाच्या हिशेबाबरोबरच आता आम्ही त्यांना मोळ्यांचा हिशेबही विचारतो. किती हंगाम, किती मोळ्या, किती खाडे. त्या भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि बोटांवर मोजून सांगतात. आम्ही लिहून घेतो. कारण 'वाकल्याबगर ऊस पडतो का' या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर एक दिवस साखर कारखान्यांना आणि शासनाला न्यायालयात द्यावे लागणार आहे.

जयभीम!